आपोआप साफ होतं

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार. हातातलं काम: सी भाषेच्या बॅचची प्रश्नपत्रिका काढणे आणि मेथीची जुडी निवडणे.

ही दोन कामं मी एकत्रच करायची. मेथी निवडायला डोकं लागत नाही, आणि प्रश्नपत्रिका काढायलाही मी ते तेव्हा फारसं वापरत नव्हते. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मला सी शिकवायला लागून पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत प्रश्न बदलले नव्हते आणि उत्तरंही नव्हती. चौथा प्रश्न नेहमीचा: स्टॅटिक व्हेरिएबलची साफसफाई कोण करतं? दोन गुण. त्याचं माझं आदर्श उत्तरही नेहमीचं: प्रोग्रॅम संपला की आपोआप होते, प्रोग्रॅमरला काही करावं लागत नाही. ते लिहून खाली रेघ मारली, मेथीच्या काड्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, तेवढ्यात फोन वाजला.

फोन डॉक्टरांचा होता. आमच्या क्लासपासून दोन गल्ल्या सोडून त्यांची रक्त-लघवी तपासायची लॅब होती आणि तिथले रिपोर्ट छापणारा प्रोग्रॅम मी लिहिलेला होता. "मॅडम, असाल तशा या," एवढंच ते म्हणाले. मागं कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं. पण कोल्हापुरात तेवढ्यावरून भांडण चाललंय की पत्ता विचारणं चाललंय, ते कळत नाही.

मी निघाले, पण वाचणाऱ्याला आधी प्रोग्रॅमबद्दल थोडं सांगायला हवं. सी न शिकलेल्या सुखी माणसांनी एवढंच समजून घ्यावं. प्रोग्रॅम म्हणजे एक घर आणि फंक्शन म्हणजे त्यातली एकेक खोली. साधा व्हेरिएबल हा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसासारखा असतो. खोलीत येतो, आकडा लिहून घेतो, काम संपलं की जातो. स्टॅटिक व्हेरिएबल म्हणजे पावणा. एकदा आला की त्याचा टॉवेल दोरीवर पडतो. तुम्ही खोलीचं दार लावून दुसऱ्या कामाला जा आणि तासाभरानं परत या, तो तिथंच असतो, हातात तेच वर्तमानपत्र घेऊन. तुम्ही घराला कुलूप लावून गावाला निघाल तेव्हाच तो उठणार. हे उदाहरण मी दर बॅचला द्यायची आणि दर बॅच हसायची. पोरांच्या वह्यांत स्टॅटिकपुढे कंसात पावणा लिहिलेलं मी पाहिलेलं आहे.

लॅबचा प्रोग्रॅम १९९५ सालचा. डॉक्टरांना संगणक हवा होता, कारण समोरच्या लॅबनं घेतला होता. संगणक आला, त्याच्यासाठी वेगळी खोली काढली, खोलीला एसी बसवला. पेशंट बाहेर बाकावर घामाघूम, आत संगणक गारव्याला. चपला बाहेर काढायच्या. चपलांतून व्हायरस येतो अशी डॉक्टरांची पक्की समजूत होती, आणि ते रोगजंतूंचे तज्ज्ञ, मी कशाला वाद घालू? खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू वाहिलं जायचं. दारावर लाल अक्षरात 'संपूर्ण संगणकीकृत' अशी पाटी लागली. संगणकीकृत म्हणजे इतकंच की डॉक्टर पूर्वीसारखंच चिठ्ठीवर हातानं लिहायचे, चिठ्ठी तारेत ओवायची, आणि चिठ्ठीवरचं सगळं मशीनमध्ये टाइप करून रिपोर्ट छापायचा.

रिपोर्टच्या तळाशी शेऱ्याची एक ओळ होती. डॉक्टरांना काही सुचवायचं असेल तर चिठ्ठीवर लिहायचे, नाहीतर जागा कोरी. हा शेरा टाइप करून घ्यायचं फंक्शन मी लिहिलं तेव्हा शेरा साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवला होता. फंक्शन संपलं की तो निघून जायचा आणि छापायच्या वेळी शेऱ्याच्या जागी इस्पिक, बदाम आणि हसरे चेहरे यायचे. एक अख्खी दुपार मी त्या हसऱ्या चेहऱ्यांकडं बघत बसले. मग त्या व्हेरिएबलच्या आधी 'स्टॅटिक' असा एक शब्द लिहिला. चेहरे गेले, शेरा नीट आला. मी चहा केला आणि डॉक्टरांना प्रोग्रॅम तयार असल्याचं कळवलं. का दुरुस्त झालं हे मला माहीत होतं. त्याबरोबर आणखी काय झालं असेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही.

आता बाई. रिपोर्ट टाइप करणाऱ्या बाई शिरोळकडच्या. लॅबमध्ये आल्या त्या काचेच्या नळ्या धुवायला. सहा वर्षं नळ्या धुतल्या, संध्याकाळी टायपिंगच्या क्लासला जाऊन परीक्षा दिली, आणि आधीची टायपिस्ट लग्न होऊन गेली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली. खुर्ची कर्तबगारीला मिळाली असं नाही. तपासण्यांची नावं त्यांना तोंडपाठ होती आणि नवीन माणसाला शिकवायचा डॉक्टरांना कंटाळा होता. बाई कधी रजा घेत नसत. चौदा एप्रिलच्या जयंतीची तेवढी एक सुट्टी ठरलेली, आणि त्या एका सुट्टीवरून डॉक्टर दरवर्षी काहीतरी बोलून घेत.

बाईंची एक पद्धत होती. प्रोग्रॅम चालू करायचा, एका पेशंटचं टाइप करायचं, छापायचं, प्रोग्रॅम बंद. पुढच्या पेशंटला पुन्हा पहिल्यापासून. त्या काळचं मशीन, प्रोग्रॅम उघडायला कुरकुर कुरकुर करत अर्धं मिनिट घ्यायचं. एकदा मी मागं उभी राहून बघत होते आणि मला ते बघवेना. दर पेशंटला बंद कशाला करता, असं विचारलं, तर मान न वळवता म्हणाल्या, "मॅडम, एकाची नळी न धुता दुसऱ्याचं रगात घालत न्हाय आमी."

मला हसू आवरेना. हा किस्सा मी क्लासमध्ये पुढची दोन वर्षं सांगितला. पावण्याच्या उदाहरणानंतर हा सांगायचा, म्हणजे बॅच दोनदा हसायची. संगणकात काय रक्त असतं का, असं मी म्हणायची. पोरं टाळ्या द्यायची. मला वाटायचं, मी विज्ञानाचा प्रसार करतेय.

१९९८ च्या जानेवारीत लॅबमध्ये गर्दी वाढली. पेशंट रिपोर्टसाठी ताटकळतात अशी डॉक्टरांची तक्रार आली. मी तपासून सांगितलं की मशीन संथ नाही, बाई संथ आहेत. आणि लगेच एक सुधारणा केली. एक बटण दाबलं की पडदा कोरा होतो आणि पुढच्या पेशंटचं नाव विचारलं जातं, अशी. प्रोग्रॅम बंद करायचं कारणच उरलं नाही. बाई सवयीनं बंद करतील, म्हणून बाहेर पडायचा पर्यायच मी यादीतून काढून टाकला. आता प्रोग्रॅम बंद करायचा तर मशीनच बंद करावं लागे, आणि तेवढं करायची त्यांची हिंमत होणार नाही हे मला माहीत होतं. संध्याकाळीसुद्धा मशीन चालूच ठेवा म्हणून सांगितलं, सकाळचा वेळ वाचतो.

ती तारीख माझ्या वहीत आहे: १२ जानेवारी. बाईंनी ते बटण दोनतीनदा दाबून पाहिलं. मग विचारलं, "आत काय उरत न्हाय न्हवं?"

"नाही हो," मी म्हटलं. "आपोआप साफ होतं."

मी चप्पल घालून बाहेर पडेपर्यंत त्या कोऱ्या पडद्याकडंच बघत होत्या.

तर तीन फेब्रुवारीला मी लॅबमध्ये पोचले तेव्हा बाहेरच्या बाकावरचे पेशंट आपापले आजार विसरून आत कान लावून बसले होते. संगणकाच्या खोलीत तिघं होती. डॉक्टर, बाई, आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ. बिद्रीकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. पायाला मुंग्या येतात म्हणून चार दिवसांपूर्वी साखर तपासून गेले होते. रिपोर्टवर नाव त्यांचं, वय बासष्ट, पुरुष, साखरेचे आकडे व्यवस्थित. आणि तळाशी इंग्रजीत शेरा: गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन पुन्हा तपासावं.

मास्तरांनी तो स्वतः वाचला असता तर गोष्ट घरात राहिली असती. पण चष्मा घरी राहिला होता. त्यांनी रिपोर्ट गावातल्या दवाखान्यात कंपाउंडरच्या हातात दिला, आणि कंपाउंडरनं आपलं इंग्रजी किती चांगलं आहे ते भरलेल्या बाकासमोर दाखवून दिलं. त्यानंतरचं मास्तर उभ्याउभ्या सांगत होते. कारखान्याच्या गेटवर दोघांनी डोहाळे विचारले. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकानं ऊस तोलायचा सोडून त्यांना बसायला खुर्ची दिली, उभं राहू नका म्हणून.

"छत्तीस वरसं शाळा चालवली मी," मास्तर डॉक्टरांना म्हणाले. "रस्त्यानं गेलो तर पोरं खाली बघायची. आता चिंच दाखवायला लागल्यात."

बाहेरच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मलाही आलं होतं, मी खोकल्यात घालवलं. मास्तर स्वतःही जवळजवळ हसलेच. मग त्यांनी रिपोर्टची घडी घातली आणि आवाज खाली आणला.

"हसण्यावारी न्यायला मी तयार हाय, डॉक्टर. पण ह्यातली साखर तरी माझीच हाय का, तेवढं सांगा."

याला उत्तर हवं होतं. ते द्यायची सोपी वाट होती. तार भिंतीवरच होती, मास्तरांची चिठ्ठी तारेत होती, काढून बघितली असती तर साखर त्यांचीच आहे आणि शेऱ्याची जागा कोरी आहे, हे दोन्ही एका मिनिटात कळलं असतं. बाईंनी तसं सांगितलंही. चिठ्ठी तारेत हाय, बघा म्हणाल्या. पण डॉक्टरांना चिठ्ठी नको होती, माणूस हवा होता, आणि तो समोरच उभा होता.

"बाई, उद्यापासून ही खुर्ची नाही," डॉक्टर म्हणाले. "नळ्यांना दुसरी बाई लावली आहे, तेव्हा तिकडंही जागा नाही. सकाळी येऊन किल्ली देऊन जा." मग मास्तरांकडं वळून, अगदी घरगुती आवाजात, "काय करणार मास्तर, आजकाल कुणालाही खुर्चीत बसवावं लागतं. मग असं होतं."

'कुणालाही' म्हणजे कुणाला ते खोलीतल्या चौघांनाही कळलं. लॅबमध्ये रक्त काढणारा डॉक्टरांच्या नात्यातला होता. त्यानं मागच्याच महिन्यात दोन सख्ख्या जावांच्या बाटल्यांवरची नावं अदलाबदल केली होती, तेव्हा 'कुणालाही' हा शब्द आला नव्हता. तेव्हा 'माणूस आहे, होतं असं' असा शब्दप्रयोग झाला होता. मास्तरांनी मान डोलावली नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. त्यावर एका औषध कंपनीनं छापलेला धबधबा होता, तो मला अजून तपशीलवार आठवतो.

मग डॉक्टरांनी मला विचारलं. त्यासाठीच तर बोलावलं होतं. "मॅडम, तुम्ही यातल्या तज्ज्ञ. प्रोग्रॅम आपल्या मनानं असलं काही छापू शकतो का?"

"मनानं नाही छापत," मी म्हटलं. "जे टाइप केलंय तेच छापतो."

परीक्षेत कुणी हे उत्तर लिहिलं असतं तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. शेरा टाइप केलेलाच होता. फक्त तो कुणासाठी टाइप केला होता, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आणि मनात काही चुकचुकलं नाही असंही नाही. चुकचुकलं. पण पाटीवर संपूर्ण संगणकीकृत लिहिलं होतं आणि तो संगणक म्हणजे मी होते.

बाईंनी आवाज चढवला नाही. "मॅडम, ती जागा मी मोकळी सोडल्याली," म्हणाल्या. आणि थोडं थांबून, "बंद करून चालू करायचो, तवा असं एकदा बी झालं न्हाय."

"बघा," डॉक्टर मला म्हणाले, "अजून प्रोग्रॅमवरच ढकलतेय."

मी घड्याळ बघितलं, बॅचची वेळ झाली म्हटलं आणि निघाले. बॅच चारची होती. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

मोपेडवरून सरळ क्लासमध्येच गेले. दुपारी तिथं कुणी नसायचं. बाईंचं ते शेवटचं वाक्य डोक्यात बसलं होतं. बंद करून चालू करायचो तवा. फ्लॉपी घातली, प्रोग्रॅम उघडला आणि खोटे पेशंट टाइप केले. पहिली बाई, वय चोवीस, शेरा तोच, सहाव्या महिन्याचा. मग माझं ते झकास बटण. पडदा कोरा झाला. दुसरा पेशंट पुरुष, वय बासष्ट, शेऱ्याची जागा मोकळी सोडून पुढं. छापायला दिलं. प्रिंटर खरखरला आणि बासष्ट वर्षांच्या पुरुषाला सहावा महिना लागला.

पडदा कोरा झाला होता, पावणा उठला नव्हता. शेऱ्याची जागा मोकळी सोडली की माझं फंक्शन जुन्या शेऱ्याला हातही लावत नव्हतं. आणि तो स्टॅटिक, म्हणजे घराला कुलूप लागेपर्यंत तिथंच. तीन वर्षं बाई दर पेशंटनंतर घराला कुलूप लावत होत्या. ज्याला मी आपोआप म्हणत होते ते करायला एक बाई पगारावर होती, आणि मी तिच्यावर विनोद करत होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. नवीन पेशंट आला की आधी शेरा रिकामा करायचा. ती लिहिली, पुन्हा चाचणी घेतली, मास्तरांचं पोट उतरलं. चारची बॅच शिकवली. त्या दिवशी स्टॅटिक नव्हतं, लूप होतं, त्यामुळं पावण्याची वेळ आली नाही.

घरी रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सगळं सांगितलं. तो सरकारी खात्यात आहे, चूक कुणाच्या नावावर टाकायची याची त्याला चांगली जाण आहे. त्यानं भाकरी मोडता मोडता निकाल दिला. "व्हायरस म्हण. बाईची नोकरी राहील, तुझं नाव राहील. सगळे तेच म्हणतात."

खरंच म्हणायचे. त्या वर्षी कोल्हापुरात व्हायरसनं काय केलं नसेल? प्रिंटरमध्ये कागद अडकला, व्हायरस. एका दवाखान्यात उंदरानं वायर कुरतडली, तोही व्हायरस. आमच्या क्लासच्या मालकांनी फ्लॉपीच्या डब्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या होत्या. डॉक्टरांना तर चपलांचा सिद्धांत सिद्ध झाल्याचा आनंद झाला असता. वाक्य मी मनात तयारही केलं. सकाळी लवकर जायचं, नवी फ्लॉपी घालायची, व्हायरस होता, काढला, म्हणायचं. सगळे सुखी.

मग मास्तरांचा घडी घातलेला रिपोर्ट आठवला. साखर तरी माझीच हाय का. मास्तरांची होती, त्याची काळजी नव्हती. पण १२ जानेवारीपासून तीन आठवडे मशीन बंद झालं नव्हतं. ज्याच्या चिठ्ठीवर शेरा नव्हता त्याला त्याच्या आधीच्या पेशंटचा शेरा गेला होता. मास्तरांचा सापडला कारण तो हसण्यासारखा होता. ज्याला 'लोहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात' असा दुसऱ्याचा शेरा गेला असेल त्याला हसू येणार नव्हतं. तो गोळ्या खात बसला असणार. कुणाला तरी 'ताबडतोब तज्ज्ञांना दाखवावं' गेलं असेल आणि तो धडधाकट माणूस घरी निरवानिरव करत असेल. व्हायरस म्हटलं की हे कागद शोधायचं कारणच कुणाला उरत नव्हतं.

भांडी आवरली. प्रश्नपत्रिका अजून टेबलावर होती. चौथ्या प्रश्नाच्या आदर्श उत्तरावर काट मारली. नवीन लिहिलं: प्रोग्रॅम चालू आहे तोवर कुणी करत नाही. ज्यानं ठेवलं त्यानं काढायचं. दोन गुण तेच ठेवले आणि झोपले.

चार तारखेला सकाळी सव्वासातला लॅबमध्ये गेले. बाई आधीच आल्या होत्या. फक्त किल्ली द्यायची होती, तरी काही वेगळं केलेलं दिसत नव्हतं. मशीन पुसून झालं होतं, रिबन बदललेली होती, किल्ली टेबलावर काढून ठेवली होती. मी डॉक्टर येईपर्यंत थांबले, कारण हे मला दोनदा बोलायचं नव्हतं.

डॉक्टर साडेसातला आले. बाहेर बाकावर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली पाचसात माणसं होती. मी दार लावून घेतलं नाही.

"डॉक्टर, चूक प्रोग्रॅमची आहे. म्हणजे माझी. बाईंनी जागा कोरीच सोडली होती."

"हळू बोला, पेशंट बसलेत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "व्हायरस असेल."

"व्हायरस नाही. आत काही उरत नाही ना, असं बाईंनी मला विचारलं होतं. मी त्यांना खोटं सांगितलं."

"खोटं कसं? तुम्हाला माहीत नव्हतं."

"माहीत होतं. दर बॅचला शिकवते."

चुकलेला माणूस मऊ पडला नाही तर कसं वागायचं, याची डॉक्टरांना सवय नसावी. शेवटी ते बाईंना म्हणाले, ठीक आहे, बसा कामाला. किल्लीचं काय, असं बाईंनी विचारलं, तर ती तुमच्याकडंच राहू दे म्हणाले. एवढ्यावर ते प्रकरण मिटवायच्या बेतात होते.

बाई खुर्चीपर्यंत गेल्या आणि बसल्या नाहीत. "आन काल मास्तरांम्होरं बोललासा, ते?"

डॉक्टरांनी फोनचा रिसीव्हर उचलला आणि हॅलो म्हणाले. फोन वाजलेला नव्हता. बाहेरच्या बाकावरूनही ते दिसत होतं. हॅलो, हॅलो म्हणत ते काही वेळ उभे राहिले. बाईही उभ्या राहिल्या, त्यांना घाई नव्हती. रिसीव्हर ठेवल्यावर डॉक्टर खिडकीकडं बघून म्हणाले की मास्तरांना मी आज कळवतो, चूक तुमची नव्हती म्हणून. तसं बोलायला नको होतं, हे त्यांनी म्हटलं नाही. बाईंनी थोडी वाट पाहिली. मग खुर्ची ओढून बसल्या.

मी नवी फ्लॉपी घालून प्रोग्रॅम बदलला आणि बाहेर पडायचा पर्याय यादीत परत घातला. शेरा आता दर पेशंटला पुसला जातो, हे त्यांना दोनदा करून दाखवलं. पहिल्या पेशंटचा रिपोर्ट छापून झाल्यावर त्यांनी प्रोग्रॅम बंद केला आणि मशीनची कुरकुर ऐकत पुन्हा चालू केला.

"आता गरज नाही त्याची," मी म्हटलं.

"असू दे की," बाई म्हणाल्या.

मी कपाटातून कार्बन लावून छापलेल्या प्रतींचा गठ्ठा काढला, भिंतीवरची चिठ्ठ्यांची तार खाली उतरवली आणि त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. गठ्ठा मी अलीकडच्या तारखांपासून उघडायला घेतला होता. बाईंनी टाइप करता करता डाव्या हातानं तो उलटा केला.

"पैल्यापास्नं बघा," त्या म्हणाल्या.

मी १२ जानेवारीची पहिली प्रत घेतली, तिच्याशी जुळणारी चिठ्ठी तारेतून सोडवली आणि दोन्ही शेजारी ठेवून तळाची ओळ वाचली.